कारागीर टिकत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमचं चटई विणायचं छोटं युनिट आहे, १४ माणसं. दिवाळीपासून तीन चांगले कारागीर गेले, दोघं सुरतला, एक चाकणला. तिसऱ्याचा तर पगारही वाढवला होता. निघताना म्हणाला, "भाऊ, पैशाचं नाही. रात्रपाळी आहे हे आदल्या संध्याकाळी कळतं, घरी काय सांगू?" फार लागलं ते मनाला. चूक माझीच होती.

आता आठवड्याच्या पाळ्या शनिवारीच फळ्यावर लिहितो. उन्हाळ्यात पत्र्याखाली जीव नकोसा होतो, म्हणून कूलर लावले.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलं होतं की पगार-सोयी नसल्या तर माणूस नाराज होतो, पण त्या दिल्या म्हणून कामात मन रमतंच असं नाही. त्याला कामाची दाद, जबाबदारी, पुढे जायची वाट लागते. मला पटतं. पण एवढ्याशा युनिटमध्ये बढती कसली द्यायची? लूमची दुरुस्ती शिकवून एकेकाकडे दोन लूम सोपवावेत का? आणि कापूस वेचणीला सगळेच सुट्टी मागतात, ते कसं बसवता? धुळे, भुसावळकडच्या कारखानदारांनी आणि कामगार भावांनीही मोकळेपणाने सांगा.