मदत हवी आहे: वीज सहकारी संस्था छतावरील सौरविजेला पूर्ण दर का देत नाही?

डोंगरवाट:
दोन वर्षांपूर्वी आम्ही शहर सोडून खेड्यात राहायला आलो. येथील वीज सभासदांच्या सहकारी संस्थेकडून येते. छतावर १० किलोवॅटचा सौरसंच बसवण्यासाठी अर्ज केला असता, उरलेल्या विजेला घाऊक दरानेच मोबदला मिळेल असे संस्थेने कळवले. कारण विचारल्यावर 'घाऊक पुरवठादाराशी झालेल्या करारामुळे आमचे हात बांधलेले आहेत' एवढेच उत्तर मिळाले. सभासदच मालक असतील, तर हे हात बांधले कोणी? कंत्राटदाराला शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा आहे. सौरऊर्जा चांगली की वाईट, ही चर्चा कृपया नको.

तारयंत्र:
देश कोणता, राज्य कोणते, वर्षाला किती युनिट लागतात आणि हिवाळ्यात घर कशावर तापवता? यांतले काहीच आपण लिहिलेले नाही.

श्रीरामपूरकर:
वीज आणि सहकार म्हटले की मला मुळा-प्रवरा आठवते. आमच्या भागात अनेक वर्षे तीच संस्था वीज देत असे. २०११ मध्ये तिचा परवाना संपला आणि सारे महावितरणकडे गेले. माझे ऐका, मोठी बॅटरी घ्या आणि संस्थेची जोडणीच तोडून टाका.

तारयंत्र:
श्रीरामपूरकर, मुळा-प्रवरेचा प्रश्न थकबाकीचा होता, सौरविजेचा नव्हता. आणि ढगाळ हवा आठवडाभर टिकली, तर घरगुती बॅटरी किती दिवस पुरणार?

शिवारफेरी:
मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत पडीक जमीन भाडेपट्ट्याने देता येते. सातबारा तयार ठेवा.

डोंगरवाट:
मी अमेरिकेत, आयोवा राज्यात आहे. सातबारा नाही.

कवाईचा पाऊस:
आता उत्तर देता येईल. १९७८ च्या संघीय कायद्यानुसार लहान सौरनिर्मात्याची वीज विकत घेणे बंधनकारक असले, तरी दर मात्र संस्थेचा जो खर्च वाचतो तेवढाच, म्हणजे जवळपास घाऊक दराइतका, मिळतो. त्याहून अधिक देण्याची सक्ती राज्याच्या कायद्याने होते. शेजारच्या मिनेसोटात ४० किलोवॅटपेक्षा लहान संचांसाठी सहकारी संस्थांनाही सरासरी किरकोळ दर द्यावा लागतो. आयोवातील नेट मीटरिंगचा, म्हणजे दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करण्याचा, नियम मात्र खासगी गुंतवणूकदारांच्या कंपन्यांपुरता आहे. संस्थेची बाजूही अगदीच पोकळ नाही, कारण अमेरिकेतील अशा संस्थांच्या एका मैल तारेवर सरासरी आठच ग्राहक असतात आणि खांब-तारांचा खर्च तेवढ्यांतच वाटावा लागतो.

हात बांधणारा करार मात्र खराच असतो. न्यू मेक्सिकोतील किट कार्सन संस्थेला ९५ टक्के वीज ट्राय-स्टेट या घाऊक पुरवठादाराकडूनच घ्यावी लागे. २०१६ मध्ये ३ कोटी ७० लाख डॉलर देऊन ती बाहेर पडली, ही रक्कम नव्या पुरवठादाराने भरली, आणि २०२२ पर्यंत तेथील दिवसाउजेडीची विजेची गरज सौरविजेवर भागू लागली. आमच्या हवाईतील कवाई बेटावर तर वरचा पुरवठादारच नाही, त्यामुळे संस्थेने स्वतःच सौरप्रकल्प आणि बॅटऱ्या जोडल्या.

तारयंत्र:
कवाईत डिझेलवर बनणारी वीज महाग होती, म्हणून सौरवीज लगेच परवडली. आयोवाशी ही तुलना लागू पडत नाही.

कवाईचा पाऊस:
दराच्या बाबतीत मान्य. पण २०२२ च्या कायद्यानंतर करमुक्त सहकारी संस्थांनाही करसवलतीची रक्कम थेट रोख मिळू शकते आणि शिवाय ९७० कोटी डॉलरची स्वतंत्र ग्रामीण योजना आली, त्यामुळे संस्थांना स्वतःचे प्रकल्प बांधणे सोपे झाले. डोंगरवाट, करार कोणत्या साली संपतो हे वार्षिक सभेत विचारा. आणखी एक: कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात ३० टक्के करसवलत धरली आहे का ते पाहा, कारण घरमालकांची ती सवलत २०२५ अखेर बंद झाली.

डोंगरवाट:
धरली आहे! त्याला आजच फोन करतो.

तारयंत्र:
माझा प्रश्न अजून तसाच आहे. घर कशावर तापवता?

डोंगरवाट:
प्रोपेन गॅसवर. वर्षाला सात हजार युनिट लागतात.

तारयंत्र:
१० किलोवॅटचा संच आपल्याकडे वर्षाला साधारण बारा हजार युनिट देईल. उरलेले पाच हजार घाऊक भावाने विकण्यासाठी एवढा मोठा संच कोणी सुचवला?

डोंगरवाट:
कंत्राटदाराने.