मदत हवी आहे : घोडेस्वारी उपक्रमात व्हॉलंटियर ऐनवेळी गळतात, सेशन चालवायचं की रद्द करायचं?

नमस्कार मंडळी,
आतापर्यंत वाचनमात्र होते पण आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय. आम्ही काहीजण मिळून अपंग मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी घोडेस्वारीचा उपक्रम चालवतो. पगारी माणसं दोनच, घोड्यांचं बघणारा मोतद्दार आणि शिकवणारी इन्स्ट्रक्टर, बाकी सगळा गाडा व्हॉलंटियरच्या जिवावर. माझ्याकडे समन्वय आहे, म्हणजे खरं सांगायचं तर लोकांना फोन करकरून मागे लागणं.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. घोडा पावलाने चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशी एकदमच हलते आणि वर बसणाऱ्याची कंबर साधारण तशीच हलते जशी आपली चालताना हलते. त्यामुळे जे पोर कधी स्वतःच्या पायांनी चाललेलंच नाही त्याच्या कमरेलाही चालण्याची लय मिळते आणि तोल सांभाळता सांभाळता पोट-पाठीचे स्नायू कामाला लागतात. सेरेब्रल पाल्सीवाल्या (मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर नीट ताबा नसलेल्या) मुलांच्या आवळलेल्या मांड्या घोड्याच्या उबेने हळूहळू सैल पडतात, हे तर अगदी डोळ्यांसमोर होतं. आम्ही फिजिओथेरपी करत नाही हां, आम्ही स्वारी शिकवतो, फायदा होतो तो होतो.

आता अडचण. ज्याला आधार लागतो अशा एका स्वारामागे तीन माणसं लागतात, एक घोडा धरणारा लीडर आणि दोन्ही बाजूंना एकेक साइडवॉकर. रिंगणात चार घोडे म्हणजे बारा माणसं. यादीत नावं भरपूर आहेत पण सेशनच्या दिवशी सकाळी मोबाईल बघायची भीती वाटते, "ताई आज नाही जमणार, सॉरी" असे मेसेज ओळीने. परीक्षा आल्या की कॉलेजची पोरं गायब, आणि कंपन्यांतून एक दिवसासाठी येणारे लोक घोड्यासोबत फोटो काढून जे जातात ते परत दिसत नाहीत.

बरं काम दिसतं तितकं सोपं नाही. साइडवॉकरने स्वाराच्या मांडीवर हात आडवा टाकून बोटांनी खोगिराची कड धरायची आणि घोड्याच्या खांद्याच्या मागे राहून त्याच्या चालीने चालायचं. नवख्याचा खांदा थोड्याच वेळात भरून येतो. मग घोडा थांबवून बाजू बदलायची, तीही एकेकाने, दोघांनी एकदम हात काढायचा नाही. हे शिकवायला वेळ जातो आणि शिकवलेला माणूस टिकत नाही.

तर माझे प्रश्न दोन.
एक, माणूस कमी पडला की पालक म्हणतात "अहो आमचा छान बसतो, एकच साइडवॉकर पुरे". ते लांबून आलेले असतात, पोर हेल्मेट घालून तयार असतं, नाही म्हणायला जीभ उचलत नाही. तुम्ही काय करता?
दोन, आमचा एक मुलगा लहानपणापासून येतो, आता चांगला उंच आणि जड झालाय. घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त ओझं नको असा आमचा नियम आहे, त्यात खोगीरही धरलं. आमची घोडी ३५० किलोची म्हणजे ७० किलो झाले, आणि हा पोरगा खोगिरासकट त्याच्या पुढे गेलाय. हल्ली तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना ती चिडून कान मागे पाडते, एकदा मोतद्दाराच्या बाहीला दातही लावले. त्या आईला कसं सांगू?

प्रतिसाद १
ताई, कोणाला किती माणसं लागतात हे सकाळी रिंगणाजवळ उभं राहून ठरवायचंच नाही. इन्स्ट्रक्टरने शांतपणे बसून प्रत्येक स्वाराच्या कागदावर लिहायचं, याला दोन, हिला एक, याला फक्त लीडर, आणि पालकांची सही घ्यायची. मग त्या दिवशी वाद नाही, कागद दाखवायचा. माणसं कमी तर घोडे कमी, हात कमी करायचे नाहीत.

आणि ज्याची स्वारी हुकली त्याला परत पाठवू नका. खरारा करणं (घोड्याचं अंग ब्रशने साफ करणं), रिकिबी (खोगिराच्या पाय ठेवायच्या कड्या) पुसणं, बरोबर माणूस देऊन घोड्याला दोरीने चालवणं, असं जमिनीवरचं सेशन कायम तयार ठेवा. आमच्याकडे ऑटिझम असलेल्या एक-दोन मुलांना स्वारीपेक्षा खराराच जास्त आवडतो, तासभर एकाच दिशेने ब्रश चालू असतो.

प्रतिसाद २
फुकटात माणसं टिकणार नाहीत, हे लिहून घ्या. फी वाढवा आणि पगारी माणसं ठेवा, विषय संपला.

प्रतिसाद ३
वरच्यांना : एका स्वारामागे तीन पगार धरले तर फी कोणाला परवडेल याचा हिशोब करून बघा राव.

मी अशाच एका उपक्रमात साइडवॉकर होतो आणि सोडला, म्हणून का सोडला ते सांगतो. पहिल्याच दिवशी "इथे धरा आणि चाला" एवढंच सांगितलं. मुलाला काय आहे, तो घाबरला की काय करतो, मी बोलायचं की गप्प राहायचं, काही नाही. मी बुटका, घोडा उंच, हात खांद्याच्या वर धरून चालायचो, घरी गेल्यावर मान धरायची. उंची बघून घोडा द्यायला काय लागतं? शिवाय दर वेळी वेगळा स्वार. एकाच मुलाशी जोडी लावून दिली असती तर त्याच्यासाठी तरी गेलो असतो. माणूस उपक्रमासाठी पहाटे उठत नाही, त्या पोरासाठी उठतो. आणि हो, घोडा बिथरला तर कोणी काय करायचं हे मला कधीच कोणी सांगितलं नाही.

प्रतिसाद ४
मी फिजिओ आहे. प्रतिसाद ३ मधलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे म्हणून तिथूनच सुरू करते. घोडा बिथरला तर लीडर घोड्यापाशी, साइडवॉकर स्वारापाशी, आणि इन्स्ट्रक्टर सांगेल तेव्हाच खाली उतरवायचं. दोरी हाताला गुंडाळायची नाही, स्वाराला खोगिराला बांधायचं नाही. याची रंगीत तालीम घ्या, आणि वर मुलाला नाही, एखाद्या व्हॉलंटियरलाच बसवून.

आता त्या जड मुलाबद्दल. २० टक्क्यांचा हिशोब हा ढोबळ आहे, जो स्वतःचा तोल धरत नाही तो तेवढ्याच वजनाचा असून घोड्याच्या पाठीला जास्त जड जातो. पण आईशी बोलताना घोडीपासून सुरुवात करूच नका, कारण आईला वाटणार माझ्या लेकरापेक्षा घोडी मोठी झाली. असं विचारा, अचानक उतरवायची वेळ आली तर तुमच्याकडचे दोघे साइडवॉकर याला सुखरूप खाली घेऊ शकतील का? उत्तर नाही असेल तर घोडा मोठा आणूनही प्रश्न सुटत नाही, उलट उंची वाढते.

यावर एक पर्याय म्हणजे घोडागाडी. घोडा पाठीवर वाहतो त्यापेक्षा बरंच जास्त ओढू शकतो, आणि व्हीलचेअरसकट चढता येईल अशा गाड्या असतात. लगाम मुलाच्या हातात, शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाकडे दुसरे लगाम. कंबरेला मिळणारी ती लय तशी मिळत नाही हे खरं, पण घोडा आपण चालवतोय हे राहतं, आणि त्या वयाच्या मुलाला तेच हवं असतं.

शिवाय सगळ्यांचे मेडिकल फॉर्म दरवर्षी नव्याने घेता ना? डाउन सिंड्रोम असेल तर मानेच्या वरच्या मणक्यांबद्दल डॉक्टरांचं लेखी पत्र हवंच. फिट्स आटोक्यात नसतील, खुब्याचा सांधा निसटत असेल किंवा बसण्याच्या जागी जखम असेल तर स्वारी नाही. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही त्यांची कातडी स्वारीनंतर बघायला सांगा, लाल पडलेलं त्यांना कळत नाही.

प्रतिसाद ५
जाता जाता. लिस हार्टेल म्हणून डेन्मार्कची स्वार होती, १९४४ साली पोलिओ झाला, गुडघ्याखाली पायांत ताकद राहिली नाही, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजचं (घोड्याकडून ठरलेल्या चाली नेटक्या करून घ्यायचा खेळ) रौप्यपदक मिळवलं आणि १९५६ ला पुन्हा एकदा. घोड्यावर चढायला-उतरायला तिलाही माणूस लागायचा. तुमच्या नव्या व्हॉलंटियरांना ही गोष्ट सांगा, धरणाऱ्या हाताची किंमत कळते.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार. प्रतिसाद ३ वाचून थोडं लागलं पण उंचीची गोष्ट आमच्याकडेही तंतोतंत तशीच आहे, आता यादीत प्रत्येकाच्या नावापुढे उंची आणि ठरलेला स्वार दोन्ही लिहिणार आहे. स्वारांच्या कागदाचं इन्स्ट्रक्टरला सांगितलं, ती म्हणाली हेच मी कधीची म्हणतेय!

घोडीला सध्या विश्रांती दिलीय, पशुवैद्य पाठ आणि खोगिराचं फिटिंग दोन्ही बघणार आहेत, नुसत्या वजनाने कान पाडत असेल असं धरून चालत नाही. मुलाच्या आईशी बोलायला इन्स्ट्रक्टरलाही सोबत नेते.

आता घोडागाडीबद्दल अजून विचारते. आमचे सगळे घोडे स्वारीचेच आहेत, गाडीला कधी जुंपलेले नाहीत. त्यातल्याच एखाद्या शांत घोड्याला नव्याने शिकवता येतं का, की आधीपासून गाडीची सवय असलेलाच घ्यावा? आणि मागून चाकांचा आवाज आला की बुजतो का हे घेण्याआधी कसं तपासायचं? कोणी केलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.