फायरफॉक्स काढून परत टाकलं तरी जुना फ्लॅश तसाच, वर जावा चार-चार वेळा

टेंडरवाला_सांगली
२१ जुलै २०१६, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. ऑफिसचं मशीन विंडोज ७, ६४ बिट. मी एका कॉन्ट्रॅक्टरकडे ई-टेंडर भरायचं काम करतो, डीएससीचं म्हणजे डिजिटल सहीचं टोकन लावून सही करायची असते आणि ती जावावर चालते. परवापासून फायरफॉक्स सारखं बोंबलतंय की फ्लॅश जुना आहे, धोका आहे, म्हणून मी रागारागात अख्खं फायरफॉक्सच अनइन्स्टॉल केलं आणि ४७ नव्यानं टाकलं. उघडून बघतो तर प्लगिनच्या (ब्राउझरला जोडलेल्या प्रोग्रॅमच्या) यादीत तोच फ्लॅश २१, त्याच्याखाली २२, आणि जावा चार वेळा! बुकमार्कसुद्धा जिथल्या तिथे, मग मी काढलं काय नेमकं? सोमवारी पाच वाजता टेंडर बंद होतंय, साहेब आधीच तापलेत.

मावळा९६के
फॉरमॅट मारा, विषय संपला.

जुना_खोडकिडा
फॉरमॅट कशाला भाऊ, ढेकणासाठी घर जाळता का. दादा, प्लगिन फायरफॉक्सच्या पोटात नसतातच, ते विंडोजमध्ये टाकलेले असतात आणि फायरफॉक्स फक्त रजिस्ट्री (विंडोजची सेटिंगची वही) चाळून ते कुठे आहेत ते बघतं, त्यामुळे ब्राउझर कितीदाही काढा, प्लगिनला त्याची खबर नाही. आणि बुकमार्क, सेटिंग हे सगळं प्रोफाइल फोल्डरमध्ये असतं, अनइन्स्टॉल करताना ते मुद्दाम मागे ठेवलं जातं. त्याच फोल्डरात प्लगिनरेग.डॅट नावाची फाइल असते, त्यात प्लगिनची जुनी यादी लिहिलेली असते.

आता अॅड्रेस बारमध्ये अबाउट:प्लगिन्स टाइप करा, प्रत्येकाचा पूर्ण पाथ आणि व्हर्जन दिसेल. ते इथे टाका. अंदाजानं काही डिलीट करू नका.

टेंडरवाला_सांगली
फ्लॅशचे दोन्ही पाथ सिसवाव६४ च्या आत मॅक्रोमेड, त्याच्या आत फ्लॅश. जावा प्लॅटफॉर्म दोनदा, एकाचं व्हर्जन १० नं सुरू, दुसऱ्याचं ११ नं. जावा डिप्लॉयमेंट टूलकिट पण दोनदा. पण आमच्याकडे तर जावा ७ आणि ८ आहे, १० आणि ११ कुठून आलं??

जुना_खोडकिडा
हा घोळ सगळ्यांचाच होतो. प्लगिनचा नंबर वेगळा चालतो, १० म्हणजे जावा ७ आणि ११ म्हणजे जावा ८. प्रत्येक जावा प्लगिन आणि टूलकिट अशी जोडीनं येते, म्हणजे तुमच्याकडे जावा चार नाहीत, दोनच आहेत. कंट्रोल पॅनेलमधून जावा ७ काढा, जोडी आपोआप जाईल. टूलकिटला हात लावू नका.

फ्लॅशचं असं की अपडेटच्या वेळी ब्राउझर उघडा राहिला तर जुनी डीएलएल (प्रोग्रॅमची फाइल) वापरात असते, ती पुसली जात नाही आणि नवी शेजारी येऊन बसते. (मॅक्रोमेड नाव बघून दचकू नका, फ्लॅश आधी मॅक्रोमीडियाचा होता, २००५ मध्ये अॅडोबीनं ती कंपनी घेतली पण फोल्डरची पाटी तीच राहिली. आणि ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिटच्या फायली सिसवाव६४ मध्ये असतात आणि ६४ बिटच्या सिस्टिम३२ मध्ये, हे कुणी ठरवलं देव जाणे.) फायरफॉक्स बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये प्लगिन-कंटेनर चालू असेल तर तेही मारा, मग अॅडोबीचा फ्लॅश अनइन्स्टॉलर चालवा आणि २२ परत टाका. शेवटी हेल्पमधल्या ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमधून प्रोफाइल फोल्डर उघडा, फायरफॉक्स बंद करून प्लगिनरेग.डॅट उडवा, ती नवीन तयार होते. बाकी फोल्डरला हात लावलात तर पासवर्डला मुकाल.

चहा_बिस्कीट
एक सांगते, फायरफॉक्स परत टाकायची वेळ आलीच तर चुकून ६४ बिटचं घेऊ नका हं. त्यात जावा चालतच नाही, यादीतसुद्धा दिसत नाही. आमच्याकडे यात एक अख्खी दुपार गेली, मी टोकनच खराब झालं समजून बसले होते.

टेंडरवाला_सांगली
२३ जुलै २०१६

झालं!! प्लगिन-कंटेनरच होता, त्याला मारल्यावर २१ ची डीएलएल गेली. जावा ७ काढलं तर सही करताना पहिल्यांदा सिक्युरिटीची लाल खिडकी आली, मग जावाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये एक्सेप्शन साइट लिस्टला साइटचा पत्ता टाकला आणि टोकननं पिन विचारला. टेंडर आजच भरून टाकलं. खोडकिडा दादा, सांगलीला आलात की भडंग माझ्याकडून.

नवा_भिडू
१२ एप्रिल २०१७

जुना धागा वर काढतोय, माफी असावी. माझ्याकडे उलटं झालंय, कालपर्यंत जावा होती, फायरफॉक्स अपडेट झालं आणि यादीत फक्त फ्लॅश उरलाय. जावा दोनदा टाकून बघितली.

जुना_खोडकिडा
दहादा टाकलीत तरी दिसणार नाही. मार्चमध्ये आलेल्या ५२ पासून फ्लॅश सोडून बाकी सगळे प्लगिन बंद केलेत, मोझिलानं ते २०१५ मध्येच सांगून ठेवलं होतं. सध्या ५२ चं ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) घ्या, ३२ बिट, त्यात जावा अजून चालते. पण ती फार तर पुढच्या वर्षापर्यंतची सोय, तेवढ्यात साइटवाल्यांना विचारून ठेवा की जावाशिवाय सही कशी करायची.

चहा_बिस्कीट
आणि ३२ बिट म्हणजे ३२ बिटच हं. मी परत तेच केलं.