फी भरण्याआधी मेडिकल करा

ताई, भाच्याने बीएस्सी एव्हिएशन केलं की तो पायलट होईल का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या पदवीने नाही होत. डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं, लायसन्स लागतं: बारावीला फिजिक्स-मॅथ्स, मग नेव्हिगेशन, हवामान, नियम असे पेपर आणि २०० तासांचं उड्डाण. पण सगळ्यात आधी मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची आरोग्य तपासणी, करून घ्या; तिचे दोन टप्पे, क्लास टू आणि मग क्लास वन. आमच्या मुलाची आधी फी भरली, तपासणी नंतर केली. रंग ओळखण्याच्या चाचणीत रंगीत ठिपक्यांच्या पानातला आकडा त्याला काही केल्या दिसेना, आणि पायलट होणं तिथेच राहिलं. आठवडाभर घरात कुणी धड जेवलं नाही. आता तो मुंबईत सहार विमानतळावर कार्गोत, म्हणजे मालवाहतुकीत आहे, रात्रपाळी असते, पण विमानांजवळ आहे म्हणून खूश आहे. भाच्याला हेही रस्ते दाखवा.