बिने-कामत ९०, मालिन ८१: कोणता बुद्ध्यांक धरायचा?

पाटीपेन्सिल: मुलगा ८ वर्षे ४ महिन्यांचा, तिसरीत. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरी मराठी. बिने-कामत या बुद्धिमत्ता चाचणीवर बुद्ध्यांक ९०. त्याच महिन्यात दुसरीकडे मालिन ही दुसरी बुद्धिमत्ता चाचणी केली, तर शाब्दिक ७४, कृती (ठोकळे, चित्रं अशी हातानं करायची कामं) ८८, एकूण ८१. पालक विचारतात, खरा कोणता? अहवालात काय लिहावं?

मोजपट्टी: दोन्ही आकडे वेगवेगळ्या गणितांतून आलेत. आधी बिने-कामतची बेरीज तपासा. सहा वर्षांच्या पातळीवरचे सहाही प्रश्न आले तर पाया ७२ महिने. पुढे दहाच्या पातळीपर्यंत दर प्रश्नाला २ महिने. सातचे ५, आठचे ३, नऊचा १ आणि दहाचा एकही नाही, तर १८ महिने वाढून मानसिक वय ९० महिने. मुलाचं वय १०० महिने. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागून १०० ने गुणायचं, म्हणून बुद्ध्यांक ९०. इथे हमखास चुकतं ते असं: सहाही प्रश्न चुकतील अशी पातळी येण्याआधीच थांबतात, किंवा बाराच्या पातळीवरही २ महिनेच देतात. अकराची पातळीच नाही, म्हणून तिथे ४ द्यायचे.

हा झाला भागाकार. मालिनसारख्या नंतरच्या चाचण्या मुलगा त्याच्याच वयाच्या मुलांत कुठे बसतो यावर मोजतात. सरासरी १००, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात ते) १५. भागाकारात हे विचलन वयागणिक बदलतं, त्यामुळे इथले ९० आणि तिथले ९० एक नव्हेत. शिवाय कामतांची मानकं (ज्या मुलांच्या गुणांशी तुलना होते ती) १९३० च्या दशकातली, मालिनची नागपूरची चाचणी १९६९ ची. अनेक देशांत गुण दर दशकाला सुमारे ३ ने वाढत गेलेले दिसले आहेत. म्हणून जुन्या मानकांवर आकडा फुगलेला असू शकतो, हे अहवालात स्पष्ट लिहा.

एकोणचाळीस: मला शाब्दिक ७४ ची जास्त काळजी वाटते. गणिताचे प्रश्न कोणत्या भाषेत विचारले? इंग्रजी माध्यमाची मुलं 'एकोणचाळीस' ऐकून ४९ धरतात आणि रीत बरोबर असूनही उत्तर चुकतं. ही चूक भाषेची आहे, ती बुद्धीच्या खात्यात जाते. अंकस्मरणात, म्हणजे ऐकलेले अंक परत म्हणायच्या भागात, अंक सेकंदाला एक, सपाट आवाजात म्हणायचे. मोबाइल नंबर सांगतो तसे गट पाडले की मुलाला आयती मदत होते. आणि ऐकू नीट येतं का, चष्मा लागतो का, हे चाचणीच्या आधी तपासायचं असतं.

मोजपट्टी: अगदी बरोबर. पाटीपेन्सिल, एकच आकडा लिहू नका. विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तर निकाल किती जुळतो ते) ०.९५ धरली तरी मापनातली चूक १५ × √०.०५, म्हणजे सुमारे ३.४ गुण, ९५ टक्के खात्रीसाठी दोन्ही बाजूंना ७. म्हणजे ८१ चा अर्थ ७४ ते ८८. शाब्दिक आणि कृती वेगळे दाखवा, उपचाचण्यांचे (चाचणीतल्या छोट्या भागांचे) गुण सोबत द्या, चाचणीची भाषा नोंदवा. लगेच तीच चाचणी पुन्हा घेऊ नका. ठोकळे आणि चित्रांचे गुण नुसत्या सरावाने वाढतात, वर्षभर तरी जाऊ द्या.

पाटीपेन्सिल: श्रवण तपासणी झालेली नाही. ती आधी करून घेते, अहवाल तोवर थांबवते.