पॉप कुठे संपतं आणि प्रॉग कुठे सुरू होतं?

ट्रान्सहार्बरवाला

मंडळी, घरात वाद पेटलाय म्हणून धागा काढतोय.

लेक कॉलेजात आहे. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले आले तेव्हा मैत्रिणींबरोबर जाऊन आली. तेव्हापासून तिने पिल्लू सोडलंय की कोल्डप्लेचं 'कोलोरातुरा' हे चक्क प्रॉग रॉक आहे. (प्रॉग म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, सत्तरच्या दशकात गाजलेलं लांब, गुंतागुंतीचं रॉक.) दहा मिनिटांचं गाणं, मधे वाद्यांचे लांबलचक तुकडे, विषय ग्रहताऱ्यांचा. आणखी काय हवं बाबा तुम्हाला? मी म्हटलं, अगं पण ते कोल्डप्ले आहेत. यावर ती जी हसत सुटली, ती अजून हसतेच आहे.

आता माझी बाजू. माझी नोकरी ठाण्याला, घर कोपरखैरण्याला. संध्याकाळी दहा नंबरवरून गाडी सुटली की मी येस या बँडचं १९७२ सालचं 'क्लोज टू द एज' लावतो. सुरुवातीला पाण्याचा आणि पक्ष्यांचा आवाज, शेवटीही तोच. घणसोली गेलं की मी दाराकडे सरकायला लागतो आणि तेवढ्यात ते पक्षी परत येतात. अठरा मिनिटं आणि वर थोडी. हे प्रॉग, याबद्दल दुमत नाही. पण याच येसचं १९८३ सालचं 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं आणि लग्नाच्या डीजेलाही ते चालेल. त्याला काय म्हणायचं?

जेनेसिस या बँडची तर आणखी पंचाईत. १९७२ चं 'सपर्स रेडी' २३ मिनिटांचं. १९८६ चं 'इनव्हिजिबल टच' साडेतीन मिनिटांचं, तेही अमेरिकेत पहिलं. टोनी बँक्स, माइक रदरफर्ड आणि फिल कॉलिन्स दोन्हीकडे हजर. मग मधल्या काळात रेघ कुठे ओलांडली? गायक पीटर गेब्रिएल १९७५ मध्ये बँड सोडून गेला तिथे, असं म्हणावं तर पुढच्याच वर्षीचं 'अ ट्रिक ऑफ द टेल' घट्ट प्रॉग आहे. १९७७ मध्ये गिटारवाला स्टीव्ह हॅकेट गेला आणि १९७८ मध्ये 'फॉलो यू फॉलो मी' आलं. सरळ, गोड प्रेमगीत. तिथे रेघ ओढली, तर १९८० मध्ये 'टर्न इट ऑन अगेन' पुढ्यात येतं. रेडिओवर सर्रास वाजलेलं गाणं, पण मोजायला बसलं की तेरा मात्रा.

माझी एक कसोटी आहे, ती मोडून दाखवा. चाल परत येते तेव्हा ती तशीच परत येते की मधे काहीतरी घडून येते? 'सपर्स रेडी'त सुरुवातीची चाल शेवटाकडे येते तेव्हा तिच्या पाठीशी मधला सगळा गोंधळ उभा असतो. स्वर ओळखीचे, पण वजन भलतंच. 'इनव्हिजिबल टच'मध्ये मुखडा येतो, जातो, येतो, शेवटी पट्टी चढते, बस. मला दोन्ही आवडतात, कमी-जास्तीचा प्रश्नच नाही. पण फरक हा एवढाच, असं माझं म्हणणं. नव्या बँडना हे लागू होतं का, तेही सांगा.

नौपाड्याचे_नाना

तुमची कसोटी छान आहे, पण कानापेक्षा वस्तूकडे बघा.

सत्तरच्या दशकात ही मंडळी वीस-वीस मिनिटांची गाणी का करत होती? कारण एलपीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावायचं. 'क्लोज टू द एज' म्हणजे अख्खी पहिली बाजू. रशचं '२११२' तसंच, इमर्सन, लेक अँड पामरचं 'टार्कस' तसंच. जेथ्रो टलने तर १९७२ मध्ये 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' हे एकच गाणं दोन्ही बाजूंवर घातलं. पहिल्या बाजूच्या शेवटी आवाज हळूहळू कमी करावा लागला, आणि तबकडी उलटली की परत वर. आम्ही उठायचो, तबकडी फिरवायचो, सुई ठेवायचो. गाण्याच्या मध्यात चहाचा घोट घेता यायचा हा त्याचा फायदा.

मी काळा घोड्याला रिदम हाऊसमध्ये जायचो. शनिवारी बँक अर्धा दिवस असायची, तिथून थेट. बूथमध्ये उभं राहून ऐकायचं आणि मग खिशाकडे बघायचं. एका एलपीच्या पैशात दोन गाणी मिळणार की दहा, हा हिशोब माझ्यासारख्या कारकुनाला करावाच लागे. २३ मिनिटांचं एकच गाणं घेणारा माणूस पॉपवाला नव्हे, हे तेव्हा काउंटरवरच्यालाही कळायचं. २०१६ मध्ये ते दुकान बंद झालं, विषय संपला.

१९८१ मध्ये अमेरिकेत एमटीव्ही हे गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारं चॅनेल आलं आणि गाण्याला चेहरा लागू लागला. चेहरा चार मिनिटं बघवतो, वीस मिनिटं नाही. तुमच्या जेनेसिसने रेघ ओलांडली नाही, रेघच त्यांच्या पायाखालून सरकली. आणि पिंक फ्लॉइडला विसरू नका. १९७९ मध्ये 'अनदर ब्रिक इन द वॉल'चा दुसरा भाग आला, खाली सरळसरळ डिस्कोचा ठेका. ब्रिटनमध्ये नाताळात पहिल्या नंबरवर तेच. पण ते ज्या 'द वॉल'मधून आलं तो दोन तबकड्यांचा अल्बम एका माणसाची गोष्ट सांगतो. एकटं ऐकलं की पॉप, जागेवर ऐकलं की प्रॉग. याला तुमच्या कसोटीत कुठे बसवणार?

नव्यांबद्दल माझं मत वाईट आहे, म्हणून लिहीत नाही.

रूपक_सात

नाना, लिहाच. पण आधी मात्रांबद्दल बोलू द्या, कारण 'तेरा मात्रा' वाचून राहवलं नाही. मी वाशीला तबला शिकवतो.

विषम मात्रा म्हणजे प्रॉग, हे डोक्यातून काढून टाका. कडवी सातात असलेलं बीटल्सचं 'ऑल यू नीड इज लव्ह' जगभर लोकांनी गायलं, कुणाला काही अडलं नाही. आपल्याकडे रूपकात (सात मात्रांच्या तालात) किती भावगीतं आहेत, ती काय प्रॉग झाली? उलट रूपकात समेवरच (पहिल्या मात्रेवरच) काल, म्हणजे जिथे जोर हवा तिथे हात मोकळा. त्यापुढे हे सगळे फार सरळमार्गी.

खरी गंमत सात कसे वागवले यात आहे. पीटर गेब्रिएलचं 'सोल्सबरी हिल' (१९७७) घ्या. तेही सात. सागर विहारला चालताना ऐकून बघा. एका आवर्तनात सम डाव्या पायावर पडते, पुढच्यात उजव्या पायावर, परत डाव्या. पाय अडखळत नाही, कारण प्रत्येक मात्रेवर खाली ठोका चालूच असतो. मोजल्याशिवाय सात आहेत हे कळतच नाही. आता पिंक फ्लॉइडचं 'मनी' लावा. तिथे बासची ओळच अशी आहे की सातवी मात्रा संपली की एक पायरी चुकल्याचं जाणवतं. सॅक्सोफोन सातातच वाजतो, आणि गिटारचा सोलो आला की सगळे चारात येतात. अंग एकदम सैल होतं. सोलो संपला की परत सात. हा जो ताण देऊन सोडण्याचा खेळ आहे, तो मुद्दाम ऐकवण्यासाठी केलेला आहे. 'सोल्सबरी हिल'मध्ये तो झाकलेला आहे.

म्हणून माझ्या हिशोबात 'सोल्सबरी हिल' पॉप, आणि फार वरच्या दर्जाचं पॉप. 'टर्न इट ऑन अगेन'ही त्याच रांगेत. त्यावर नाचायला मात्र जाऊ नका, सोबतच्या माणसाच्या पायावर पाय पडेल.

घणसोलीची_गौरी

मी साउंड एडिटिंगचं काम करते, त्यामुळे नव्याची बाजू मलाच घ्यावी लागणार असं दिसतंय.

नानाकाका, तबकडीचा मुद्दा एकदम पटला, पण मग आजची तबकडी कोणती ते बघा. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक प्ले मोजला जातो. २३ मिनिटांचं गाणं पूर्ण ऐकलं तरी एकच. म्हणजे आज कुणी लांब गाणं करत असेल तर तो धंद्याच्या उलट दिशेने चाललाय. तुमच्या वेळी निदान माल जागेत बसत होता. स्टीव्हन विल्सन या प्रॉगवाल्या संगीतकाराने २०२५ मध्ये 'द ओव्हरव्ह्यू' काढला, त्यात दोनच गाणी, एक २३ मिनिटांचं आणि दुसरं १८ मिनिटांचं. याच माणसाने येस, किंग क्रिम्झन आणि जेथ्रो टलचे जुने अल्बम नव्याने मिक्स केले. आणि यानेच २०१७ मध्ये 'परमनेटिंग' नावाचं उड्या मारायला लावणारं पॉप गाणं केलं तेव्हा जुने चाहते रुसून बसले. मला ते गाणं जाम आवडतं.

पण एक तक्रार माझीही आहे. नव्या प्रॉगवाल्यांतले बरेच जण प्रॉगचा फक्त आवाज उचलतात. मेलोट्रॉन हे त्याचं उत्तम उदाहरण. त्या जुन्या यंत्रात प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असायचा, त्यावर बासरी किंवा व्हायोलिनचा एकेक सूर रेकॉर्ड केलेला. टेप साधारण आठ सेकंदांत संपायची, मग बोट उचलावंच लागायचं. स्वर जरा डगमगायचाही. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'च्या सुरुवातीची बासरी ती हीच, आणि ते १९६७ मध्ये बीटल्सचं सिंगल होतं, म्हणजे पॉपच. आता माझ्या लॅपटॉपवर ते प्लगइन आहे. आठ सेकंदांची अडचण नाही, पण डगमगण्यासाठी वेगळं बटण दिलंय! ते फिरवलं की झालं 'जुनं'. १९६९ मध्ये किंग क्रिम्झनने हेच यंत्र वापरून लोकांना दचकवलं होतं. आज त्या आवाजाने कुणी दचकत नाही, डोळे मिटून हुरळतात.

उलट पॉपमध्ये काय चाललंय ते ऐका. बिली आयलिशचं 'हॅपियर दॅन एव्हर' (२०२१) हळू, कुजबुजत सुरू होतं आणि अर्ध्यानंतर फाटक्या गिटारींचा लोंढा येतो. पुन्हा सुरुवातीला जातच नाही.

आणि कसोटी मोडायची म्हणालात ना? क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. १९७५, ब्रिटनमध्ये पहिला नंबर. त्यात मुखडाच नाही. जे परत येतच नाही, ते बदलून आलं की तसंच आलं हे कसं ठरवणार?

ट्रान्सहार्बरवाला

गौरी, हे चांगलं सापडलं. रात्री लावून परत ऐकलं. मुखडा नाही हे खरं, पण शेवटाकडची शांत ओळ आहे ना, 'नथिंग रिअली मॅटर्स', ती पहिल्या संथ भागातच एकदा येऊन गेलेली आहे. तेव्हा ती पोरगा आईला सांगतो. मग ऑपेरा होतो, आदळआपट होते, आणि तीच गोष्ट शेवटी तो कुणालाच सांगत नसतो. म्हणजे माझ्या हिशोबाने ते प्रॉगच झालं. पहिल्या नंबरवर गेलं म्हणून त्याची जात बदलत नाही.

'हॅपियर दॅन एव्हर' परत फिरत नाही, म्हणून ते माझ्या कसोटीबाहेर. त्याला मी काय म्हणू ते ठरलेलं नाही आणि घाईही नाही.

नाना, 'एकटं ऐकलं की पॉप, जागेवर ऐकलं की प्रॉग' हे मात्र मी लेकीसमोर माझं म्हणून खपवणार आहे. कारण त्यावरून मी 'इनव्हिजिबल टच' अख्खा अल्बम काढून बसलो. त्यातली पाच गाणी अमेरिकेत पहिल्या पाचात गेली, तीच आपण ऐकत आलो. पण त्याच अल्बमवर 'डॉमिनो' आहे, दोन भागांचं, दहा मिनिटांच्या वर. पहिला भाग हॉटेलच्या खोलीत अडकल्यासारखा संथ, दुसरा सुसाट. १९८६ सालात, एमटीव्हीच्या ऐन भरात. म्हणजे रेघ १९७५ आणि १९८६ च्या मधे कुठे नाहीच, ती एकाच तबकडीच्या दोन गाण्यांमधल्या कोऱ्या पट्टीतून जाते. हाच नियम लावून 'कोलोरातुरा' परत ऐकलं. सुंदर आहे, मधली गिटार तर फ्लॉइडची आठवण करून देते. पण कितीही लांब फिरून आलं तरी ते त्याच एका ओळीपाशी त्याच मनाने येतं. माझ्यासाठी ते लांब पॉप. लेकीला सांगितलं. तिचं उत्तर इथे छापण्यासारखं नाही.

नाना, 'डॉमिनो' ऐकाच. सुरुवातीला वैतागाल, दुसऱ्या भागापर्यंत थांबा.

रूपक_सात

'लांब पॉप'ला +१.

नौपाड्याचे_नाना

ऐकलं. जावयाने फोनवर लावून दिलं, हेडफोनही त्यानेच दिला. तो ऐंशीच्या दशकातला ड्रमचा आवाज माझ्याने सहन होत नाही, पत्र्यावर काहीतरी आपटल्यासारखं वाटतं. गाणं मान्य.

गौरी, ते दोन गाण्यांवालं कुठे मिळेल? तबकडीवर आलं असेल तर तेच सांग, फोनवर नको.