हाऊसची गोळी: दुखण्याची की व्यसनाची?

तिरपा कोन:
'हाऊस' ही डॉक्टर हाऊसची अमेरिकन मालिका (२००४-२०१२) परत बघायला घेतलीय. मांडीचा स्नायू मेलेला, पाय कायमचा दुखरा आणि डॉक्टरसाहेब दिवसभर व्हायकोडिन ही वेदनाशामक गोळी तोंडात टाकतायत. पहिल्याच सीझनमध्ये 'डिटॉक्स' नावाचा भाग आहे: आठवडाभर गोळी सोडायची पैज. हाल होतात, शेवटी तो स्वतःचीच बोटं ठेचून घेतो. निष्कर्ष काय, तर हा व्यसनी! अहो, रोज ओपिऑइड (अफूच्या जातीचं वेदनाशामक) घेणाऱ्या कुणाचीही गोळी एकदम तोडली की हाल व्हायचेच. शरीराला सवय लागणं वेगळं, व्यसन वेगळं. लेखकांनी खिचडी केलीय.

निशाचर:
खिचडी कसली? तिसऱ्या सीझनमध्ये तो विल्सनची, म्हणजे त्याच्या डॉक्टर मित्राची, खोटी सही करून गोळ्या मिळवतो. मेलेल्या पेशंटच्या नावावरचं ऑक्सिकोडोन, म्हणजे आणखी एक ओपिऑइड, तेसुद्धा उचलतो. ही 'शरीराची सवय' म्हणायची का?

तिरपा कोन:
दुखणं आटोक्यात नसलं की माणूस गोळीमागे धावतो. बाहेरून ते व्यसनच दिसतं.

निशाचर:
अगदी हेच! 'डोपसिक' (२०२१) ही मालिका बघ. ऑक्सिकॉन्टिन ही ऑक्सिकोडोनचीच गोळी खपवताना पर्ड्यू या औषध कंपनीने नेमका हाच मुद्दा डॉक्टरांच्या गळी उतरवला होता: पेशंट व्यसनी वाटतोय ना, मग डोस वाढवा. तू नकळत त्यांच्या सेल्समनचं भाषण करतोयस.

आळशी मुंगी:
व्हायकोडिनमध्ये हायड्रोकोडोन या ओपिऑइडबरोबर पॅरासिटामॉलही असतं, आणि ते जास्त झालं की लिव्हर जातं. इतक्या गोळ्यांवर त्याचं लिव्हर आठ सीझन टिकलं, हाच खरा चमत्कार. चालू द्या.

अर्धा कप:
माझी कमरेतली नस सहा वर्षं दबलेली आहे, म्हणून बोलते. हाऊसचं दुखणं त्याला चटपटीत वाक्यं सुचवतं. माझं मला मोजा घालू देत नाही. आधी पलंगाच्या कडेला अर्धं टेकायचं, पाय वर येतोय का बघायचं, नाही आला की मोजा हातात घेऊन नुसतं बसायचं. हे कुठल्या मालिकेत बघितलंय? आणि ती काठी! दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. हा गडी शेवटपर्यंत दुखऱ्या बाजूलाच धरून फिरला.

व्यसन दाखवा, जरूर दाखवा. पण गोळ्या संपायच्या दोन दिवस आधी चिठ्ठी घेऊन गेले की काउंटरवरचा माणूस आधी चिठ्ठी आणि मग मला निरखतो, ती नजर टीव्हीनेच शिकवलीय.

निशाचर:
ती नजर या गोळ्यांनी माणसं मेली म्हणून आली, मालिकेमुळे नाही.

तिरपा कोन:
आणि त्या नजरेपायी काय झालं? अमेरिकेत सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०१६च्या ओपिऑइडविषयीच्या मार्गदर्शक सूचनांचा आधार घेऊन कित्येकांचे डोस झटक्यात कापले गेले. २०२२मध्ये सूचना सुधारून सांगावं लागलं, असं एकदम तोडू नका. म्हणजे 'डिटॉक्स'च, फक्त पैजेशिवाय.

निशाचर:
हे मान्य. पण मेलेल्या पेशंटच्या गोळ्यांवर तू अजून बोललेला नाहीस.